बाण मागून येतो

४ मार्च, मंगळवार

आला एकदाचा. खोकं एवढं रुंद की दारातून तिरकं करून आत घ्यावं लागलं. मेहुणीच्या ऑफिसने जागा बदलली, तेव्हा हा मॉनिटर तिच्या वाट्याला आला. तिने तो थेट इकडे धाडला. फोनवर म्हणाली, "भावोजी, मला एवढ्या मोठ्याचं काय करायचंय? ताईच्या डोळ्यांना बरा पडेल."

ही दुपारभर खोक्यासमोर बसून होती. उघडू दिलं नाही.

डोक्यात गुठळी झाली त्यानंतर हिने एकाही नकाशाला हात लावलेला नाही. उजवा हात जड, बोलताना मधेच शब्द पळतो, आणि जुन्या मॉनिटरवरच्या बारीक रेघा दुहेरी दिसतात. "भिंत एक असते, मला दोन दिसतात," म्हणायची. आयुष्यभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले, आणि आता भिंत मोजता येत नाही. म्हणजे मला उद्या मीठ कुठलं न् साखर कुठली ते कळेनासं झालं तर बेकरीत माझं काय काम?

५ मार्च

जोडला. चित्र आलं, पण सगळं जाडं आणि लोकरीसारखं. हिचे खांदे पडले. मेहुणीला फोन लावला. तिने सांगितलं तसं सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात मोठा आकडा निवडला.

चष्म्याची काच पुसावी तसं झालं. हिने आपला जुना एक नकाशा उघडला, पार पडद्याला नाक लावून पाहिला, मग एका रेघेवर बोट ठेवलं.

"एकच आहे."

मी उगाच स्वयंपाकघरात गेलो आणि पीठ मळायला घेतलं. बेकरीत पहाटेपासून तेच करून आलो होतो. दुसरं काही सुचलं नाही.

७ मार्च

इंजिनिअरचा फोन. हिने इतकी वर्षं ज्याची कामं केली तोच. बालवाडीला दोन खोल्या वाढवायच्या आहेत, नकाशा हिने काढावा म्हणतो. "घाई नाही वहिनी. महिनाअखेर दिलात तरी चालेल." हिने "हो" म्हटलं. एकदम स्पष्ट, न अडखळता.

मग तो माझ्याशी बोलला, हळू आवाजात. "जमलं तर उत्तम. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका. मी दुसरीकडे विचारून ठेवलंय."

भला माणूस आहे. पण तो दुसरा भाग मी हिला सांगितला नाही.

१० मार्च, सोमवार

जमत नाहीये.

रेघ भिंतीच्या टोकाशी थांबवायची असते, ती पुढे जाते. मागे आणायला जावं तर फार मागे येते. खिडकीवर क्लिक करायला जाते आणि शेजारचा खांब उचलला जातो. तासाभरात एक खोलीही झाली नाही. मी म्हटलं, होईल हळूहळू.

"अहो, हळूहळू नाही. उशिरा."

"तेच ते."

"तेच नाही."

आणि पुढचा शब्द पळाला, तो काही सापडला नाही. तिने माउस उपडा करून ठेवला.

११ मार्च

एक अख्खा ट्रे जळाला आज. मालक रागावला नाही. उलट म्हणाला, "घरी जा, उरलेलं मी बघतो." त्याचं भलं होवो.

१४ मार्च, शुक्रवार

हिने आपल्या पट्ट्या, पेनं, तो पितळी कंपास, सगळं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं. "हे इंजिनिअरकडे देऊन या. तिथे कोणाच्या तरी कामी येईल. आणि फोन करून सांगा, नाही जमत."

रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. रडलीच नाही. जेवायला काय करू विचारावं तशा सुरात बोलली.

"डोक्यातून हुकूम सुटतो," म्हणाली, "पण हातापर्यंत पोचेपर्यंत शिळा होतो."

मी म्हटलं, सोमवारी करतो फोन. आता ऑफिस बंद असेल. ऑफिस बंद नव्हतं.

१६ मार्च, रविवार

दुपारी ही झोपली तेव्हा मीच बसलो त्या मॉनिटरपुढे. एका भिंतीवरून माउसचा बाण फिरवून पाहिला. सारखा घसरून पुढे जायचा. हसू आलं. पीठ तिंबणारे हात आपले, त्यांना कुठून जमणार?

नंतर भांडी घासताना वाटलं, पण मी डोळे मिटून ट्रेमध्ये पाव ओळीत लावतो. त्यात कधी एक इंच इकडेतिकडे होत नाही.

वाटलं आणि सोडून दिलं.

१७ मार्च, सोमवार

फोन केला नाही. बरं झालं केला नाही!

आज व्यायामवाल्या बाई आल्या. इस्पितळाच्या आहेत, सोमवारी आणि गुरुवारी घरी येऊन हिच्या हाताकडून व्यायाम करून घेतात. मोठ्या आवाजाच्या, घाईच्या, पण हिचं वाक्य कितीही अडलं तरी स्वतः पुरं करत नाहीत. थांबतात. मला अजून ते जमलेलं नाही.

दाराशी पिशवी पाहिली. "हे काय?" मी सांगितलं. मला वाटलं समजूत घालतील. त्यांनी पिशवीतून एक लांब पट्टी काढली, हिच्या उजव्या हाताच्या चिमटीत येईल अशी उभी धरली आणि म्हणाल्या, "मी सोडते, तुम्ही पकडा." न सांगता सोडली. हिने पकडली! पुन्हा सोडली, पुन्हा पकडली. मग मला उभं केलं. मी पकडली ती हिच्याहून बोटभर आधी.

"बघा," बाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं पाव भाजणारा धडधाकट हात आणि तुमचा हात, यांच्यात एका बोटाचा फरक आहे. हा उशिरा चालणारा हात नाही."

ही म्हणाली, "मग तिकडे काय होतं?"

"दाखवा मला."

हिने माउस धरला आणि एक भिंत काढायला घेतली. गेली पुढे. ही थांबली. शब्द शोधत होती. बाईही थांबल्या. मीसुद्धा ओठ दाबून थांबलो.

"माझा हात आधी पोचतो," ही म्हणाली. "बाण मागून येतो."

बाईंनी माउस हातात घेतला आणि भराभर गोल फिरवला. बाण गोल फिरला नाही. तुटक तुटक ठिपके टाकत धावत राहिला, गाडी सुटल्यावर मागून पळणाऱ्या माणसासारखा. बाईंनी पुन्हा फिरवून पाहिलं. मग हिच्याकडे वळल्या.

"याला काहीतरी झालंय. तुम्हाला नाही."

ते वाक्य बोलल्या तसं इथे लिहून ठेवतोय.

१८ मार्च

पिशवी उचलून कपाटात ठेवली. हिनेच.

बेकरीच्या पुढच्या चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिशीतली एक मुलगी चालवते. काउंटरवर उघडी पडलेली मशीनं आणि मधे तिचा डबा. ऐकून घेतलं आणि चांगली जाड केबल दिली. "काका, नव्वद टक्के वेळा केबलच असते."

आम्ही उरलेल्या दहातले. काही फरक नाही.

२० मार्च, गुरुवार

दुकानवाली आज जेवणाच्या सुट्टीत स्वतः घरी आली. मी बोलावलं नव्हतं. केबलने काम झालं नाही म्हटल्यावर तिला चैन पडली नसावी.

माउस हलवला, सेटिंगमधली एक ओळ उघडली आणि "अरेच्चा," म्हणाली. तिथे आकडा होता तीस.

मला समजावायला तिने माझीच भट्टी वापरली. "काका, हे चित्र म्हणजे जुन्या मॉनिटरच्या चौपट मोठा ट्रे. तुमच्या सीपीयूच्या भट्टीचं तोंड जुनंच आहे. छोटे ट्रे असले तर सेकंदाला साठ बाहेर पडतात. एवढे मोठे असले तर तीसच. त्याहून जास्त या पोर्टमधून निघतच नाहीत. मग बाण अडखळणार. केबल सोन्याची लावली तरी तेच."

"म्हणजे मॉनिटर बिघडलेला नाही?"

"काहीच बिघडलेलं नाही. सगळं आपापल्या कुवतीप्रमाणे चाललंय."

मग ती म्हणाली, "काकू, आता चित्र छोटं करते. धूसर दिसेल, पण बाण बघा." आणि मी निवडलेला तो मोठा आकडा खाली आणला. सगळं पुन्हा लोकर झालं. हिने माउस धरला. हलवला. जिथे नेला तिथे बाण गेला. थांबवला तिथे थांबला.

ही डावीउजवीकडे नेत राहिली, किती तरी वेळ. काही काढत नव्हती, नुसती नेत होती. मग माउस सोडून डाव्या हाताने उजवा हात धरला. लहान मूल गर्दीत हरवून सापडल्यावर आई धरते तसा.

दुकानवालीचा डबा तसाच राहिला. मी कालचे चार बन बांधून दिले.

२१ मार्च

स्पष्ट हवं तर बाण लंगडा. बाण धावता हवा तर रेघा धूसर. इकडे आड तिकडे विहीर. ही धूसर चित्रावरच काम करतेय. एक खोली पुरी झाली, पण संध्याकाळी डोकं धरून पडली. भिंती पुन्हा दोन दोन.

तरी जेवताना मला म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे." आजारानंतर आजवर मी जे वाढेन ते ती मुकाट्याने खात होती.

२४ मार्च, सोमवार

दुकानवालीचा फोन. "काका, वेगळं कार्ड बसवता आलं असतं, पण तुमचा सीपीयू फार अरुंद आहे. त्याआधी एक करा, मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवा."

सीपीयू भिंतीपासून ओढला. मागे धुळीची गोधडी. पुसून फोटो पाठवला. लगेच पुन्हा फोन. "ते काळं प्लास्टिकचं टोपण दिसतंय ना, ते काढा." काढलं. आत एक पोर्ट, आयताचा एक कोपरा कापल्यासारखा. इतकी वर्षं तिथे होतं आणि आम्हाला वाटत होतं ते बंद करून टाकलेलं काहीतरी आहे.

"हेच. हे दुप्पट सोडतं. केबल मी देते, चाललं तर ठेवा."

ही बालवाडीचा जिना काढत होती. मान न वळवता म्हणाली, "आज नको. जोडायचं आणि नाही चाललं तर… आज नको."

२५ मार्च

जोडलं. तीसच.

दुकानवाली येऊन दोनदा काढून लावून गेली. "असं व्हायला नको," एवढंच म्हणत होती. जाताना चपला उलट्या घालून गेली.

२७ मार्च, गुरुवार

नीट लिहायला हवं आज.

बेकरीतून आलो तर ही मॉनिटरपुढे, तर्जनी पडद्याला लावून, ओठ हलवत काहीतरी वाचत होती. बाई म्हणतात रोज थोडं मोठ्याने वाचा, शब्द परत येतात. मला वाटलं तोच अभ्यास. जवळ जाऊन बघतो तर मॉनिटरची माहितीपुस्तिका. कंपनीच्या साइटवरून शोधून, अक्षरं मोठी करून, पहिल्या पानापासून. सकाळपासून. भिंतीला कसा टांगावा, कुठल्या फडक्याने पुसावा, सगळं. निम्मं इंग्रजी तिला अडतं, तरी एकही ओळ सोडलेली नाही. नकाशा तपासायची तिची रीतच ती. आधी कोपरे, मग कडा, मग मधलं.

"इकडे या. तुमची बोटं हवीत."

मॉनिटरच्या खाली, मागच्या अंगाला एक बारीक खुंटी आहे. ती दाबली की मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडतो. सीपीयूचा नव्हे, मॉनिटरचा. हिची बोटं तिथे वळत नाहीत. ती वाचत गेली, मी दाबत गेलो. "खाली. अजून खाली. आता आत. नाही, मागे या. आत." एका ठिकाणी त्या नव्या पोर्टचा आकडा होता, जुन्या पद्धतीवर ठेवलेला. ऑफिसात कोणीतरी जुन्या मशीनसाठी तसा ठेवला असेल. सीपीयू दुप्पट द्यायला तयार होता, मॉनिटरच निम्मं मागत होता.

"तो बदला."

बदलला. पडदा काळा झाला. आम्ही दोघं त्या काळ्यात आमचीच तोंडं बघत उभे. मला वाटलं आता हेही गेलं.

मग आलं. स्पष्ट. हिने सेटिंग उघडलं. ज्या ओळीत फक्त तीस होतं तिथे आता साठही होतं. तिने साठवर क्लिक केलं आणि माउस धरून एक मोठं वर्तुळ फिरवलं. सावकाश, मग भराभर.

"आला," म्हणाली. "बरोबर आला."

दुकानवालीला हिनेच फोन लावला. तिकडून ती किंचाळली ते मला इथपर्यंत ऐकू आलं.

३१ मार्च, सोमवार

नकाशा पाठवला. शेवटच्या दिवशी, पण पाठवला. हात दमतो, दर थोड्या वेळाने थांबावं लागतं, माउस सोडून बोटं उघडमीट करावी लागतात. गुठळी काही खोटी नव्हती. पण आता जेवढं तिचं आहे तेवढंच तिचं आहे. त्यात मशीनचं मिसळलेलं नाही.

२ एप्रिल

इंजिनिअरचा फोन. मी शेजारीच होतो, आवाज बाहेर येत होता.

"वहिनी, खिडकीच्या खालची उंची काय धरलीत? मुलं आहेत ती, उंट नाहीत. बाहेरचं दिसणार कसं त्यांना? तुमच्याकडून ही चूक? उद्या दुपारपर्यंत बदलून पाठवा."

मला राग आला. ही आजारातून उठलीय, जरा जपून बोलावं. हिने फोन ठेवल्यावर पाहिलं तर ती हसत होती. डोळ्यांत पाणी, आणि हसतेय.

"रागावला," म्हणाली. "पहिल्यासारखा रागावला."

इतके दिवस सगळे आमच्याशी मऊ आवाजात बोलत होते. मीही. त्या माणसाने आज तिला रागवण्याइतकी धड मानलं. त्याचे उपकार कसे फेडू?

६ एप्रिल, रविवार

मालकाने भट्टी वापरू दिली. स्वतःच्या हाताने मोठे तीन ब्रेड भाजले. एक दुकानवालीला. घेईना. "काका, मी तर आधी नको ती केबल विकली तुम्हाला." मी म्हटलं, केबलचं नाही हे, तू डबा न खाता थांबलीस त्याचं आहे. दुसरा इंजिनिअरकडे. तिसरा बाईंसाठी ठेवलाय, त्या सोमवारी येतील.

मेहुणीला पाठवता येत नाही. तिला फोन केला, पण आभार मानू देईना. "भावोजी, मी काय केलं? अडगळ दिली तुम्हाला." अडगळ! या अडगळीपायी आम्ही महिनाभर रडलो, आणि अडगळीमुळेच भिंत एक झाली.

आणखी कुणाकुणाचे मानू? त्या सोमवारी फोन केला नाही त्या माझ्या टाळाटाळीचेही मानतो. केला असता तर पिशवी गेली असती, काम गेलं असतं, आणि आम्ही दोघं मरेपर्यंत म्हणत राहिलो असतो – हात गेला, काय करणार.

ही आतून ओरडतेय, दिवा बंद करा, पडद्यावर चमक येते. बाकीचं उद्या.

७ एप्रिल

बाई आल्या नाहीत. निरोप आला, इस्पितळात काम निघालं. ब्रेड आम्हीच खाल्ला.

१० एप्रिल, गुरुवार

बाई आल्या, पण व्यायाम घेतला नाही. पाणी मागितलं आणि बसून राहिल्या. त्यांच्या विभागात गेल्या वर्षी कोणीतरी देणगी दिलेला मोठा पडदा आहे. त्यावर धावणारं चित्र माउसने पकडायला लावून पेशंटचे हात तपासतात. सोमवारी त्यांनी त्याचं सेटिंग उघडून पाहिलं. जुन्या मशीनला जोडलेला. तीस.

"किती जणांना मी सांगितलंय, हात आता एवढाच चालणार," म्हणाल्या. "सगळ्यांना परत बोलावतेय. पण फोन उचलून बोलायचं काय, तेच सुचत नाही."

हिने हात पुढे करून त्यांचा फोन घेतला. पहिल्या पेशंटचा नंबर विचारला आणि लावला. पलीकडून कुणीतरी दमलेल्या आवाजात "कोण?" म्हणालं. ही अडखळली. आम्ही दोघंही थांबलो.

"मी पेशंटच आहे," ही म्हणाली. "तुमचा हात पुन्हा… पुन्हा बघायचाय. कदाचित तो हात नव्हताच."